चंद्रभागाबाईचा अर्ज

माझं अक्षर फार सुंदर आहे. हे मी स्वतःच सांगतो, कारण आता दुसरं कोणी सांगत नाही. एके काळी सांगायचे. करडी गावच्या शाळेत गुरुजी माझी पाटी घेऊन वर्गावर्गात फिरत आणि बाकीच्या पोरांना ती दाखवून दाखवून छड्या मारत. त्यामुळे अक्षर जसजसं सुधारत गेलं तसतसे मित्र कमी होत गेले. पुढं बी. ए.ला तिसरा वर्ग मिळाला, तोही तपासणाऱ्यानं मजकूर न वाचता नुसतं अक्षर पाहून दिला असावा. आणीबाणी उठली त्या वर्षी आंधळगावाच्या पलीकडच्या एका गावात, हायस्कुलात, मला कारकुनी लागली. गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून आहेत आणि मला ओळखतात.

शाळेत रुजू झालो त्या दिवशी मी पहिलं काम काय केलं असेल, तर 'कार्यालय' अशी पाटी रंगवली. खाली आंब्याच्या पानांची वेल काढली. वेल चालू असताना मागून आवाज आला,

"बाबूजी, वेल झाली असन तं फीच्या पावत्या फाडा. पोट्टे पंधरा मिनटापासून उभे हायेत."

वळून पाहिलं. सावळी, उंच, तिशीकडं झुकलेली एक बाई, पदर कमरेला खोचलेला, आणि हाताला बादली. हाताला म्हणतो, कारण ती बादली हातात धरलेली नव्हती, अडकवलेली होती. दोन्ही हातांची बोटं आत वळून तळव्याला चिकटलेली, अंगठा त्यांच्यावर बसलेला. मिटलेली मूठ, ती मिटलेलीच. त्या मुठीच्या आकड्यात बादलीची कडी बसायची, बैलगाडीच्या आकड्यात साखळी बसावी तशी.

ही चंद्रभागा. शाळेत पाणी भरायची आणि घंटा वाजवायची. चिंचेच्या फांदीला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगला होता. डाव्या मुठीनं उजव्या मुठीत लोखंडी खिळा रुतवायचा आणि खांद्यापासून हात फेकायचा, अशी तिची घंटा. ठोका इतका खणखणीत की करडईच्या शेतातली माणसं त्यावर शिदोऱ्या सोडायची.

हाताचं काय झालं, हे मी महिनाभर विचारलं नाही. मग एके दिवशी तिनंच सांगितलं, कारण मी तिच्या हाताकडं न बघण्याची फारच मेहनत घेत होतो आणि त्या मेहनतीत दोनदा रांजणाला धडकलो होतो.

"पाहून घ्या ना जी एकदाचं. सात वर्साची होती. माय रेशमाचा कोसा उकळून राहिली होती. भांडं कलंडाले लागलं म्हून म्या दोन्ही हातानं धरलं."

"मग?"

"मंग काय. कोसा वाचला."

एवढं सांगून ती जोरात हसली आणि मी चुकून तिच्याबरोबर हसलो. नंतर दिवसभर मला स्वतःची लाज वाटत राहिली. तिला वाटली नाही. ही गोष्ट ती सगळ्यांना अशीच सांगायची आणि 'कोसा वाचला' म्हटल्यावर समोरचा हसतो की रडतो यावरून माणूस कसा आहे ते ठरवायची. हसणारे तिला चालायचे.

घर कोष्ट्यांचं. बाप मागावर, माय कोशातून धागा काढायची, बहिणी धाग्याच्या कांड्या भरायच्या. त्या घरात बोटं म्हणजेच माणूस. कांडी भरता येत नाही त्या पोरीला कोष्ट्याच्या घरात मागणी कोण घालणार? मग बापानं विचार केला की हिचे हात घरात कामाचे नाहीत तर निदान शाळेत तरी बसू दे. बाकीच्या बहिणी मागाशी बसल्या, ही सातवीपर्यंत शाळेत बसली. "माह्ये हात चांगले असते तं मी अडाणी राह्यली असती जी," असं ती म्हणायची आणि त्यात काही विनोद आहे असं तिला वाटत नसे.

तिला लिहिता येत नव्हतं असं नाही. उजव्या मनगटाला चिंधीनं पेन बांधून ती लिहायची. एकेक अक्षर वांग्याएवढं. एका ओळीत तीन शब्द, आणि त्या ओळीला पाचेक मिनिटं. तेवढ्यात मनगट सुजायचं. त्यामुळं तिनं लहानपणीच एक सोय करून घेतली होती. लिहायचंच नाही, लक्षात ठेवायचं. पाण्याचा रांजण दहावीच्या वर्गाच्या दाराबाहेर होता. इतका सावकाश रांजण जगात कुणी भरला नसेल. इतिहासाचा तास चालू असला की तिला एक बादली ओतायला वीस मिनिटं लागत. भूगोलाला जरा लवकर आटपायचं, कारण भूगोलाचे सर फार हळू बोलायचे आणि तिचं आधीच पाठ झालेलं असायचं.

तिच्या या डोक्याचा पहिला लाभार्थी मीच.

दहावीच्या मुलांची यादी तालुक्याला जायची होती. मी यादीचं शीर्षक सजवत होतो. सजवता सजवता दौत कलंडली आणि शाई गेली ती थेट दाखल-खारीज रजिस्टरवर, त्याच बेचाळीस नावांच्या पानांवर. मी कोसा वाचवणाऱ्यांतला नसल्यामुळं दोन्ही हात वर करून उभा राहिलो. यादी न्यायला माणूस दारात येऊन बसलेला. मोठे सर, म्हणजे आमचे हेडमास्तर, शेजारच्या खोलीत.

चंद्रभागानं शाईकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, दार लोटून घेतलं आणि भिंतीला टेकून बसली.

"लिवा."

"काय?"

"नावं. एक नंबर..."

बेचाळीस नावं, बापांची नावं, जन्मतारखा. मध्ये एकदाच थांबली. "या पोट्ट्याची खरी तारीख दुसरी हाये, त्याच्या बापानं बदलून घेतली. पन तुमच्या वहीत खोटीच होती. खोटीच लिवा." नंतर शाई वाळल्यावर मी उजेडात धरून पानं ताडून पाहिली. एक चूक निघाली. ती माझी होती.

"तुम्हाला हे सगळं लक्षात कसं राहतं?" मी विचारलं.

"तुमी लिवून ठेवता म्हून इसरता, बाबूजी. मले लिवता येत नाही, मंग इसरू कशी?"

हे तिचं नेहमीचं वाक्य. शाळेत कुणाची छत्री कुठं राहिली, कोणत्या सरांनी खडूची पेटी नेली, मागच्या वर्षी गॅदरिंगला कोण काय बोललं, सगळ्यांचं उत्तर देऊन झालं की शेवटी हेच.

मग एका आठवड्यात गावात दोन बातम्या आल्या. एक, शाळेत नळ येणार. दुसरी, गावात बालवाडी निघणार आणि तिला गावातलीच मॅट्रिक पास बाई हवी. गावात मॅट्रिक पास बाई एकही नव्हती. चंद्रभागानं रांजण तसाच सोडला आणि मोठ्या सरांच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली.

"सर, नळ आला तं मी कोन?"

मोठे सर नियमाचे पक्के. धोतर, काळी टोपी, आणि बोलताना डोळे नेहमी एखाद्या परिपत्रकावर. पण त्या दिवशी त्यांनी तिच्याकडं पाहिलं. "सतरा नंबरचा फॉर्म भरा, चंद्रभागाबाई. बालवाडीच्या कमिटीवर मी आहे. तुम्ही पास होईपर्यंत जागा धरून ठेवतो. पण दोन वर्षांच्या वर मला धरता यायची नाही."

बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांचा तो सतरा नंबरचा फॉर्म मी भरला. अर्थात सुंदर अक्षरात.

पहिल्या वर्षी ती मनगटाला पेन बांधून बसली. निकाल लागला. गणितात पास, बाकी सगळ्यात नापास. आमच्या गावच्या पोट्ट्यांचं वर्षानुवर्षं बरोबर याच्या उलट व्हायचं, त्यामुळं मोठ्या सरांनी गुणपत्रिका दोनदा पालथी करून पाहिली. गणितात उत्तरं थोडक्यात लिहून भागलं होतं. इतिहासाच्या पेपरात तीन तासांत दीड प्रश्न.

"पेपर सोपा होता जी," ती म्हणाली. "वेळ कठीण होती."

उरलं एक वर्ष.

सर घरी गेले ते दुसऱ्या दिवशी परिपत्रकांचा गठ्ठा घेऊन आले. त्यात त्यांना नियम सापडला होता. ज्याला हातानं लिहिता येत नाही त्या उमेदवाराला लेखनिक घेता येतो. उमेदवारानं तोंडानं सांगायचं, लेखनिकानं लिहायचं. सरकारी डॉक्टरचा दाखला पाहिजे, उमेदवाराचा अर्ज पाहिजे, वरच्या ऑफिसची मंजुरी पाहिजे. आणि लेखनिक उमेदवारापेक्षा खालच्या इयत्तेतला पाहिजे.

"मी लिहितो!" मी म्हणालो.

"तुम्ही बी. ए. आहात," सर म्हणाले.

"पन तिसऱ्या वर्गात हायेत, सर," चंद्रभागा म्हणाली. "चालते का पाहून घ्या."

मोठ्या सरांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

लेखनिक म्हणून आठवीतली मंगला ठरली. शाळा सुटल्यावर चिंचेखाली दोघींचा सराव चालायचा. चंद्रभागा सांगायची, मंगला लिहायची. पोरगी हुशार होती, तेच अवघड होतं. चंद्रभागा एक वाक्य सांगायची आणि मंगला त्याला आपलं एक जोडायची.

"हे काय लिवलं वो? 'थोर आणि उदार'? म्या फक्त थोर म्हनलं."

"बाई, उदार चांगलं वाटते ना."

"चांगलं तुले वाटते. पेपर माहा हाये. म्या सांगन ते लिव, जास्तीचं डोकं घरी ठेवून येत जाय."

मी खिडकीतून ऐकत होतो आणि हसत होतो. तेव्हा ते वाक्य कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवायला हवं होतं. सुंदर अक्षरात.

दाखल्यासाठी मी आणि ती भंडाऱ्याला गेलो. डॉक्टर भला माणूस. त्यांनी तिची मूठ हलक्या हातानं फिरवून पाहिली, किती वर्षं झाली ते विचारलं, आणि 'कोसा वाचला' ऐकून हसून मग चटकन गंभीर झाले. ती म्हणाली, पास. दाखला झाला. त्यावर तिचा अंगठा हवा होता. शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला, कागदावर उमटला तो नुसता काळा डाग, उडदाच्या डाळीएवढा. एक रेघ नाही. चटक्यानं कातडी गुळगुळीत झालेली.

"माह्या अंगठ्यावर काही छापलंच नाही जी," ती म्हणाली.

आता अर्ज. इथं जरा सावकाश सांगतो, कारण इथं मी आहे.

अडाणी माणसाचा अर्ज दुसऱ्यानं लिहायचा तर त्याची रीत आमच्याकडं कोतवालालाही माहीत असते. खाली माणसाचा अंगठा, त्याच्या शेजारी 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा', आणि त्याखाली 'दस्तुर' म्हणून लिहिणाराचं नाव. म्हणजे हे हस्ताक्षर कुणाचं ते वाचणाऱ्याला कळतं. मोठे सर जाताना एवढंच म्हणाले होते, "दस्तुर टाका, बाबू." मी हो म्हणालो.

दुपारभर बसून मी अर्ज लिहिला. असा अर्ज मी आयुष्यात पुन्हा लिहिला नाही. चारी बाजूंनी समास, टाकानं काढलेलं शीर्षक, एक खाडाखोड नाही. 'मी, अर्जदार, नम्रपणे विनंती करते की, माझे दोन्ही हात बालपणीच निकामी झालेले असून...' सगळं तिच्या तोंडचं, माझ्या भाषेत. शेवटी अंगठ्याची वेळ आली. आणि माझ्या डोळ्यांपुढं तो काळा डाग आला. इतक्या सुंदर पानावर उडदाची डाळ! माझ्याच्यानं बघवेना. मी टाक उचलला आणि तिच्या नावाची सहीच करून टाकली. 'चंद्रभागा'च्या 'च'ला असं वळण दिलं की स्वतः थोडा वेळ पाहत बसलो. सही झाल्यावर दस्तुर कशाला? राहिला.

तिला बोलावून वाचून दाखवला.

"झक्कास हाये जी," ती म्हणाली. "पन म्या अशी नाही बोलत."

"अर्जात असंच बोलतात."

तिनं पानाचा तळ पाहिला. "आन तुमचं नाव? लिवणाराचं?"

"माझं नाव कशाला? अर्ज तुमचा आहे," मी म्हणालो. मला त्या क्षणी मी फार उदार वाटलो. थोर आणि उदार.

उत्तर आलं तेव्हा परीक्षेला दहा दिवस होते. टंकलिखित, तीन ओळी. 'अर्जदाराचे हस्ताक्षर सुवाच्य व वळणदार असल्याचे सोबतच्या अर्जावरून दिसून येते. सबब लेखनिकाची आवश्यकता वाटत नाही. अर्ज नामंजूर.'

खरं सांगतो. 'सुवाच्य व वळणदार' वाचून मला पहिल्यांदा बरं वाटलं. वरच्या ऑफिसनं लेखी दिलं होतं! तिसरी ओळ डोक्यात शिरायला किती वेळ लागला ठाऊक नाही.

दोन दिवस मी ते पत्र कपाटात ठेवलं. चिंचेखाली सराव चालूच होता. चंद्रभागा सांगत होती, मंगला लिहीत होती, आता एकही शब्द जास्तीचा नव्हता. तिसऱ्या दिवशी मी पत्र मोठ्या सरांसमोर ठेवलं.

"दस्तुर?" त्यांनी विचारलं.

"नाही टाकला."

"आणि सही?"

मी स्वतःकडं बोट दाखवलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. "बाबू, ही खोटी सही झाली हो," ते म्हणाले. "हे मी पत्रात लिहू कसं? लिहिलं तर तिचा फॉर्मच जातो. नाही लिहिलं तर लेखनिक जातो." परिपत्रकांचा गठ्ठा समोर होता. त्यांनी त्याच्यावर नुसता हात ठेवला, उघडला नाही. "तुम्हीच जा. समक्ष बोला. माणसं असतात तिथंही."

मी गेलो. माणसं होती. माझ्याच जातकुळीचा एक वयस्कर कारकून, पानाचा डबा, कपाळावर घाम. मी चंद्रभागाच्या हाताचं सांगितलं, डॉक्टरच्या दाखल्याची नक्कल पुढं केली. त्यानं फाइल शोधून अर्ज काढला आणि उजेडात धरला.

"वा! काय अक्षर आहे हो. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत असा अर्ज आला नाही. आम्ही सगळ्या टेबलांवर फिरवला." मग त्यानं चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "बाईंनीच लिहिलाय ना? नाही, आता त्या दाखल्यात बोटं चिकटलेली म्हणताय, म्हणून विचारतो. दुसऱ्यानं लिहून सही ठोकली असेल तर उमेदवार बाद. आणि करणाऱ्यावर केस."

घरून निघताना बसमध्ये मी पूर्ण भाषण पाठ केलं होतं. माझी चूक आहे, सही माझी आहे, मला काय शिक्षा करायची ती करा, बाईंना लेखनिक द्या. चंद्रभागासारखं शब्दन्शब्द पाठ. 'उमेदवार बाद' ऐकलं आणि मी स्वतःला सांगितलं की आता खरं बोलणं तिच्याच वाईटाचं. पण तोंड उघडण्याआधी माझ्या कानात वाजत होतं ते पुढचं. करणाऱ्यावर केस.

"तिनंच लिहिलाय," मी म्हणालो.

"मग मी तरी काय करू, सांगा ना?" तो बिचारा खरोखर कळवळून म्हणाला. "असं अक्षर असलेल्या बाईला लेखनिक दिला तर उद्या मला विचारतील. आणि दाखले काय हो, मिळतात." त्यानं मला चहा पाजला. मी प्यालो. निघताना म्हणाला, "बाईंना सांगा, एवढ्या अक्षरावर कुठंही नोकरी लागेल."

गावात बस थांबायची तिथं चंद्रभागा उभी होती. सकाळपासून तीन गाड्या पाहून झाल्या होत्या तिच्या.

"काय म्हनलं जी त्याईनं?"

"नियमात बसत नाही म्हणाले."

"कोन्त्या नियमात?"

मी तोंडाला आला तो आकडा सांगितला. माझ्याकडं पाहत ती तो आकडा ओठातल्या ओठात एकदा बोलली. तिच्या डोक्यात गेलेलं बाहेर पडत नसे, हे मला त्या क्षणी आठवलं.

"बरं," ती म्हणाली. मग, "जेवले का तुमी?"

दुसऱ्या दिवशी तिनं मंगलाला चिंचेखालून परत पाठवलं. "जाय पोरी, आता आपला अभ्यास कर."

परीक्षेला केंद्रावर माझी ड्यूटी लागली होती. पुरवण्या वाटायच्या, सुतळ्या द्यायच्या. इतिहासाच्या पेपरला मी तिच्या खोलीत गेलो. ती खिडकीपाशी, मनगटाला चिंधी बांधून. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात दीड ओळ झाली होती. पेन त्या दीड ओळीवर होतं आणि ओठ हलत होते. मी वाकून सुतळी उचलल्यासारखं केलं. ती तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बोलत होती. सलग, कुठंही न अडखळता. वाक्य संपलं की "टिंब" म्हणायची, परिच्छेद संपला की "नवीन ओळ". मंगलाला सांगायची तसं.

"बाई, बोलू नका," पर्यवेक्षक हळूच म्हणाले. मग त्यांचं लक्ष तिच्या हातांकडं गेलं आणि ते दुसऱ्या ओळीत निघून गेले. परत आलेच नाहीत तिकडं. तेवढंच त्यांना करता येण्यासारखं होतं.

दोन तासांनंतर तिनं पेन सोडलं. म्हणजे चिंधी दातानं सोडली. आणि उरलेला सगळा पेपर, शेवटच्या प्रश्नापर्यंत, तिनं खिडकीबाहेर पाहत बोलून काढला. घंटा झाली. मी पेपर गोळा केले. तिच्या पेपराला एकही पुरवणी नव्हती, बांधायला सुतळी लागली नाही.

या वेळीही ती गणितात पास झाली.

त्या पावसाळ्यात शाळेत नळ आला. मोठ्या सरांनी घंटेसाठी म्हणून तिला आणखी एक वर्ष धरून ठेवलं. मग विजेची घंटा आली, आणि मग मोठे सरच निवृत्त झाले. बालवाडी बाईविना अडून होती ती मंगला मॅट्रिक झाल्यावर सुरू झाली. मंगलाच बाई. मी कधी तिकडून गेलो की आतून चंद्रभागाचा आवाज यायचा. पोरांना गाणी ती शिकवायची, गोष्टी ती सांगायची. हजेरीपटावर सही मंगलाची. आपल्या कामाचा मोबदला ती कुणाकडं मागत नसे आणि द्यायचं कुणाला सुचतही नसे. मंगला तिला खुर्ची देऊन स्वतः पायरीवर बसायची, एवढं मी पाहिलंय.

मी तिला खरं सांगितलं नाही. रोज ठरवायचो. रोज ती काहीतरी विचारायची, "बाबूजी, चष्मा शोधता का? कपाळावर हाये," आणि मी हसून वेळ मारून न्यायचो. मग माझी बदली अड्याळकडं झाली.

शेवटचं पाहिलं ते त्यानंतर सात-आठ वर्षांनी, अड्याळच्या बाजाराच्या दिवशी, बस थांबते तिथं. केस पांढरे झालेले, मुठीच्या आकड्यात पिशवी. बहिणीकडं आली होती, परत निघाली होती. तिनंच ओळखलं.

"बाबूजी! अजून वेली काढता का जी?"

माझी बायको, पोरं, पोरांच्या इयत्ता, सगळं विचारून झालं. मी एकदा "चंद्रभागाबाई, तो अर्ज..." एवढं म्हणालो. तिनं ऐकलं की नाही कळलं नाही, कारण ती तेव्हाच म्हणाली, "भावाच्या पोरीचं लगन हाये. पत्रिका धाडीन. पत्ता सांगा तुमचा."

"थांबा," मी म्हणालो आणि खिशातून पेन काढलं. चिठोरा शोधायला लागलो. जात नाही ती खोड. "नीट लिहून देतो."

"नको जी," ती म्हणाली. हसत होती, पण डोळे माझ्या पेनावर होते. "तुमच्या हातचं लिवलेलं नको. तोंडानं सांगा. मंगली लिवन, म्या सांगन ते."

मी पेन खिशात ठेवलं आणि पत्ता सांगितला. घर, गल्ली, मारुतीच्या देवळामागं, पोस्ट, तालुका.

बस आली. मी पिशवी वर दिली. कंडक्टरनं घंटी मारली. ती खिडकीपाशी बसली, बाहेर पाहत, माझ्याकडं नाही. बस वळेपर्यंत मी पाहत होतो. तिचे ओठ हलत होते.